सरोवरात दुर्मीळ, काचेच्या टाकीत सुरक्षित

घरातील काचेच्या टाकीत रंगीत मासे पाळण्याचा छंद जगभर पसरलेला आहे. दिवाणखान्याची शोभा वाढावी, मुलांचे मन रमावे किंवा दिवसभराच्या धावपळीनंतर चार घटका विसावा मिळावा, एवढीच बहुतेकांची त्याकडून अपेक्षा असते. तथापि युरोप-अमेरिकेतील काही हौशी मत्स्यपालकांच्या टाक्यांत आज असे मासे पोहत आहेत, ज्यांचा त्यांच्या मूळ सरोवरांत वा नद्यांत ठावठिकाणा लागणे कठीण झाले आहे. हे मासे प्रामुख्याने आफ्रिकेतील 'सिक्लिड' कुळातले आहेत. कोणत्याही सरकारी आदेशाविना, पदरमोड करून या माशांचा वंश टिकवणाऱ्या हौशी मंडळींचे काम जीवशास्त्रज्ञांच्या कौतुकाचा आणि काही वेळा वादाचाही विषय ठरले आहे.

सिक्लिड कुळातील सुमारे १,७०० प्रजातींचे आजवर शास्त्रीय वर्णन झाले असून नावावाचून राहिलेल्या अनेक प्रजाती अद्याप शिल्लक आहेत. घरगुती मत्स्यपालनात लोकप्रिय असलेले एंजलफिश, डिस्कस आणि ऑस्कर हे मासे दक्षिण अमेरिकेतील सिक्लिड होत. बाजारात खाण्यासाठी मिळणारा तिलापिया हा आफ्रिकेतील सिक्लिड. या माशांना तोंडातील जबड्याखेरीज घशात दुसरा जबडा असतो. भक्ष्य पकडण्याचे काम पुढचा जबडा करतो आणि ते चिरडण्याचे, दळण्याचे काम मागचा. कामांची ही वाटणी झाल्यामुळे दोन्ही जबड्यांना निरनिराळ्या आहारानुसार घडत जाण्यास मोकळीक मिळाली. शेवाळ खरवडणारे, गोगलगायी फोडणारे, इतर माशांची अंडी-पिल्ले पळवणारे, एवढेच नव्हे तर इतर माशांचे खवले ओरबाडून जगणारे सिक्लिडही त्यातून निर्माण झाले.

उत्क्रांतीची प्रयोगशाळा

या वैविध्याचा सर्वोच्च आविष्कार पूर्व आफ्रिकेतील तीन महासरोवरांत पाहावयास मिळतो. टांगानिका हे त्यांपैकी सर्वांत जुने व सर्वांत खोल सरोवर. त्याची कमाल खोली सुमारे १,४७० मीटर आहे. मलावी सरोवरात सिक्लिडच्या ८०० हून अधिक प्रजाती असाव्यात, असा अंदाज आहे. तिसरे सरोवर व्हिक्टोरिया. केनिया, युगांडा आणि टांझानिया या तीन देशांत विभागलेल्या या सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक आहे. विस्ताराच्या मानाने ते उथळ असून कमाल खोली ८० मीटरच्या आसपास भरते.

व्हिक्टोरिया सरोवर सुमारे १५,००० वर्षांपूर्वी कोरडे पडले होते, असे तळातील गाळाच्या अभ्यासावरून दिसून येते. नंतर ते पुन्हा भरले आणि एवढ्या अल्पकाळात तेथे सिक्लिडच्या सुमारे ५०० प्रजाती निर्माण झाल्या. पृष्ठवंशीय प्राण्यांत इतक्या वेगाने झालेल्या उत्क्रांतीचे दुसरे उदाहरण सापडणे अवघड आहे. स्थानिक कोळी या छोट्या माशांना 'फुरू' म्हणतात. आकाराने बोटभर ते वीतभर, काटेरी आणि बाजारात फारसा भाव नसलेला हा मासा किनाऱ्यावरील गरीब कुटुंबांचे रोजचे अन्न होता. नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९७७ पासून टांझानियातील म्वांझा आखातात या माशांच्या पद्धतशीर अभ्यासास प्रारंभ केला. ज्यांचा अभ्यास करावयाचा, तेच मासे लवकरच आपल्या डोळ्यांदेखत नाहीसे होणार आहेत, याची तेव्हा कोणालाच कल्पना नव्हती.

नाइल पर्चचे आगमन

ब्रिटिश अमदानीत, १९५० च्या दशकात व्हिक्टोरिया सरोवरात नाइल पर्च हा मोठा मांसाहारी मासा सोडण्यात आला. रायगडच्या खाडीपट्ट्यात आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या जिताड्याचा हा निकटचा भाऊबंद. पूर्ण वाढीचा नाइल पर्च दोन मीटरपर्यंत लांब आणि २०० किलोपर्यंत वजनाचा होऊ शकतो. 'निरुपयोगी' फुरू खाऊन त्याचे रूपांतर मोठ्या, विक्रीयोग्य माशात व्हावे, हा त्यामागील हिशेब होता. सुमारे दोन तपे या पाहुण्याचे फारसे अस्तित्व जाणवले नाही. १९८० च्या दशकात मात्र त्याची संख्या अकस्मात वाढली. त्यापूर्वी सरोवरातील माशांच्या एकूण वजनात सुमारे ८० टक्के वाटा असलेल्या फुरूंचे प्रमाण काही वर्षांतच एका टक्क्याच्याही खाली घसरले. सुमारे २०० प्रजाती नामशेष झाल्या असाव्यात, असे मानले जाते.

सर्व दोष एकट्या नाइल पर्चच्या माथी मारणे मात्र योग्य ठरणार नाही. सरोवराभोवतीची वाढती लोकवस्ती, जंगलतोड, शेतांतून वाहून येणारी माती व खते, शहरांचे सांडपाणी यांमुळे पाण्यात शेवाळ माजले आणि खोल पाण्यातील प्राणवायू घटला. १९९० च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने आखाते झाकून टाकली. पूर्वीचे छोटे मासे उन्हात वाळवता येत. मोठा व तेलकट नाइल पर्च मात्र धुरी देऊन टिकवावा लागे. त्यासाठी लागणाऱ्या सरपणाने किनाऱ्यावरील झाडे गेली आणि मातीची धूप आणखी वाढली. दुसरीकडे, नाइल पर्चच्या निर्यातीने या प्रदेशाला परकीय चलन आणि लाखो लोकांना रोजगार दिला, हेही विसरून चालणार नाही. हा मासा सरोवरातून काढून टाका, असे म्हणणे म्हणूनच सोपे नाही.

गढूळ पाण्याचा आणखी एक अनपेक्षित परिणाम ओले सीहाउझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिला. फुरूंच्या माद्या आपल्या प्रजातीचा नर मुख्यत्वे रंगावरून ओळखतात. टांझानियाचे नेते ज्युलियस न्येरेरे यांच्या नावावरून 'न्येरेरेई' असे नामकरण झालेल्या प्रजातीचा नर लालभडक, तर तिच्या निकटच्या 'पुंडामिलिया' प्रजातीचा नर निळसर असतो. स्वच्छ पाण्यात या दोन प्रजाती वेगळ्या राहतात. पाणी गढूळ झाले की लाल आणि निळ्यातील भेद दिसेनासा होतो आणि प्रजाती एकमेकींत मिसळू लागतात. एकही मासा न मरता एखादी प्रजाती नाहीशी होण्याचा हा प्रकार होय. घरगुती टाक्यांच्या संदर्भातही तो फार महत्त्वाचा आहे.

छंदाचे संवर्धनात रूपांतर

व्हिक्टोरियातील ऱ्हासाची वार्ता जगभर पोहोचली, तेव्हा संशोधकांनी अभ्यासासाठी बाहेर आणलेले काही मासे प्रयोगशाळांत जिवंत होते. बोस्टनचे जीवशास्त्रज्ञ लेस कॉफमन यांच्यासारख्या संशोधकांनी उरलेल्या प्रजाती सरोवराबाहेर जतन करण्याचा आग्रह धरला. १९९० च्या दशकात अमेरिकेतील प्राणिसंग्रहालये व सार्वजनिक मत्स्यालये यांनी एकत्र येऊन निवडक प्रजातींच्या नियोजित प्रजननाचा कार्यक्रम हाती घेतला.

तथापि अशा संस्थांची मर्यादा लगेच स्पष्ट झाली. सार्वजनिक मत्स्यालयाला प्रेक्षक हवे असतात आणि प्रेक्षकांना शार्क, कासवे आणि प्रवाळातील मासे पाहावयाचे असतात. बोटभर लांबीच्या, एकमेकांसारख्या दिसणाऱ्या डझनभर माशांसाठी डझनभर टाक्या अडवून ठेवणे कोणत्याही संस्थेला परवडणारे नसते. ज्यांच्या तळघरात वा गॅरेजमध्ये आधीच वीस-तीस टाक्या मांडलेल्या आहेत, अशा हौशी मंडळींकडे लक्ष वळले ते यामुळेच. अमेरिकेतील सिक्लिडप्रेमींची संघटना १९६७ पासून कार्यरत आहे. ब्रिटन, जर्मनी इत्यादी देशांतही अशा संघटना आहेत. सभासदांच्या बैठका, पिल्लांचे लिलाव, नियतकालिके आणि प्रजननाबद्दल पारितोषिके अशी त्यांची जुनी परंपरा आहे. प्रजननाचे ज्ञान त्यांच्यापाशी होतेच. त्याला संवर्धनाची दिशा देणे तेवढे बाकी होते.

ही दिशा 'केअर्स' या कार्यक्रमाने दिली. २००० नंतरच्या पहिल्या दशकात अमेरिकेत सुरू झालेल्या या उपक्रमात धोक्यात आलेल्या गोड्या पाण्यातील माशांची प्राधान्ययादी ठेवली जाते. सभासदाने त्यांपैकी किमान एखादी प्रजाती निवडावी, ती शुद्ध स्वरूपात वाढवावी, तिची नोंद ठेवावी आणि पिल्ले इतर जबाबदार पालकांना द्यावीत, अशी अपेक्षा असते. तत्त्व साधे आहे. एका टाकीतील मासे वीज गेल्याने, रोगाने किंवा पालकाच्या आजारपणामुळे एका रात्रीत मरू शकतात; तीच प्रजाती पन्नास घरांत असेल, तर ती टिकण्याची शक्यता कितीतरी वाढते.

या कामाची गरज दाखवणारे एक ठळक उदाहरण म्हणजे मत्स्यपालकांत 'झेब्रा ऑब्लिक्विडेन्स' या नावाने ओळखला जाणारा पिवळसर, काळ्या पट्ट्यांचा मासा. दुकानांतून तो सहज मिळतो, म्हणून त्याला कोणी दुर्मीळ समजत नाही. प्रत्यक्षात तो मूळचा युगांडातील क्योगा व नवाम्पासा या सरोवरांतला असून 'आययूसीएन' या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने त्याचा समावेश अतिसंकटग्रस्त प्रजातींत केला आहे.

तोंडात वाढणारी पिल्ले

हौशी मत्स्यपालकाला हे काम शक्य होते, याला या माशांची प्रजननपद्धतीही कारणीभूत आहे. पूर्व आफ्रिकेतील बहुसंख्य सिक्लिड 'मुखपालक' आहेत. मादी अंडी घालताच ती तोंडात घेते. नराच्या गुदपरावर अंड्यांसारखे दिसणारे पिवळे-नारिंगी ठिपके असतात. ती अंडीच समजून मादी ते उचलण्यास तोंड पुढे करते आणि त्याच वेळी नराचे शुक्राणू तिच्या तोंडात जाऊन आतील अंडी फलित होतात. त्यानंतर सुमारे तीन आठवडे मादी जवळजवळ उपाशी राहून पिल्ले तोंडात वाढवते. बाहेर पडणारी पिल्ले संख्येने थोडी, पण चांगली वाढलेली आणि लगेच खाऊ लागणारी असतात. समुद्री माशांची सूक्ष्म पिल्ले वाढवणे जितके जिकिरीचे, तितकेच ही पिल्ले जगवणे सुकर असते.

याचा अर्थ हे काम बिनकष्टाचे आहे, असा नव्हे. नर अत्यंत भांडखोर असतात. लहान टाकीत एक नर व एक मादी ठेवल्यास नर मादीला छळून मारण्याचीही शक्यता असते. म्हणून एका नरासोबत अनेक माद्या, लपण्यास भरपूर दगड-कपारी आणि दोन-तीनशे लिटरची तरी टाकी लागते. पाण्याचा काही भाग दर आठवड्याला बदलावा लागतो. टाकीतील जिवाणूंचा समतोल बिघडला की माशांच्या मलमूत्रातून निर्माण होणारा अमोनिया साठू लागतो. शेवाळ खाणाऱ्या माशांना प्रथिनयुक्त खाद्य जास्त झाल्यास पोट फुगण्याचा जीवघेणा विकार जडतो. तोंडात पिल्ले असलेली मादी हलकेच वेगळी काढून, तिला पुन्हा बाळसे धरू देऊन मगच कळपात सोडावी लागते. हा नित्यक्रम वर्षानुवर्षे चालू ठेवणाराच खरा संवर्धक म्हणावा लागेल.

शुद्धतेचा प्रश्न

या सर्व खटाटोपात सर्वांत मोठा धोका संकराचा आहे. व्हिक्टोरियातील प्रजाती अगदी अलीकडे परस्परांपासून विलग झालेल्या असल्याने त्यांचा आपसांत सहज संकर होतो आणि संकरित पिल्लेही प्रजननक्षम असतात. निरनिराळ्या प्रजातींच्या माद्या करड्या-तपकिरी आणि जवळजवळ सारख्याच दिसतात. एकाच टाकीत त्या मिसळल्या तर तज्ज्ञालाही त्या वेगळ्या काढता येत नाहीत. सरोवरातील गढूळ पाण्याने जे केले, तेच दिवाणखान्यातील एक सुंदर 'मिश्र' टाकी करू शकते. म्हणून जवळच्या नात्यातील दोन प्रजाती एकत्र ठेवू नयेत आणि शंकास्पद पिल्ले कोणालाही देऊ नयेत, हा या मंडळींचा पहिला नियम आहे.

दुसरा नियम नोंदींचा. मासा कोणत्या सरोवरातला, कोणत्या बेटाजवळचा वा आखातातला, कोणी व केव्हा आणला, त्यानंतरची ही कितवी पिढी, ही माहिती माशाबरोबर एका हातातून दुसऱ्या हातात जावी लागते. व्हिक्टोरियातील अनेक प्रजातींना अद्याप शास्त्रीय नावच नाही. 'हिप्पो पॉइंट सॅमन' यांसारख्या टोपणनावांनीच त्या ओळखल्या जातात. अशा माशाची चिठ्ठी हरवली की त्याची ओळखच हरवते. तो जिवंत व सुंदर राहतो, पण संवर्धनाच्या दृष्टीने त्याचे मूल्य शून्य होते.

शोभिवंत माशांच्या बाजारपेठेचा कल नेमका याच्या उलट असतो. दुकानात 'मिक्स आफ्रिकन सिक्लिड' म्हणून विकल्या जाणाऱ्या पिल्लांचे कूळ विक्रेत्यालाही ठाऊक नसते. १९९० च्या दशकात मलेशियात तयार झालेला आणि पुढे भाग्यकारक म्हणून भारतातही हजारो रुपयांना विकला गेलेला 'फ्लॉवरहॉर्न' हा तर अमेरिकी सिक्लिडांच्या संकरातून माणसाने घडवलेला मासा आहे. ग्राहकाला आवडेल ते घडवणे आणि निसर्गाने घडवले ते जसेच्या तसे राखणे, हे एकाच छंदाचे दोन परस्परविरोधी मार्ग आहेत.

रंगाचा मोह संवर्धकांनाही पूर्णपणे टाळता आलेला नाही. लाल-निळ्या नरांच्या प्रजातींना अनेक घरे मिळाली. चिखलातील कुजके अन्न खाणाऱ्या किंवा खुल्या पाण्यातील सूक्ष्मजीवांवर जगणाऱ्या फिकट प्रजातींना फारसे कोणी वाली मिळाले नाहीत. सरोवराच्या अन्नसाखळीत या अनाकर्षक माशांचेच स्थान मोठे होते.

तारक आणि मारकही

या छंदाची दुसरी बाजू मलावी सरोवरात दिसते. तेथील खडकाळ किनाऱ्यांवर राहणारे 'म्बुना' सिक्लिड त्यांच्या झगमगीत रंगांमुळे १९६० च्या दशकापासून युरोप-अमेरिकेत निर्यात होऊ लागले. यांतील कित्येक प्रजाती एखाद्याच बेटाभोवती वा खडकाभोवती राहतात. मधला वाळूचा पट्टा ओलांडून त्या दुसरीकडे जात नाहीत. अशा ठिकाणी पकडणाऱ्यांच्या चार फेऱ्याही संपूर्ण प्रजातीला संकटात लोटू शकतात. पिवळ्या माद्या व निळे नर असलेला 'साउलोसी' हा मासा मलावीत टायवानी नावाच्या एका खडकाळ उंचवट्याभोवतीच आढळतो. बेसुमार पकडीमुळे त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली आहे. जगभरच्या टाक्यांत मात्र त्याचे असंख्य वंशज आहेत. ज्या छंदाने त्याला घरोघरी पोहोचवले, त्याच छंदाने त्याचे मूळ घर जवळजवळ रिकामे केले.

याची जाणीव झालेल्या सिक्लिडप्रेमींनी पुढे सरोवराच्या रक्षणासाठीही हात पुढे केला. डच वंशाचे अभ्यासक-लेखक अॅड कोनिंग्ज यांच्या पुढाकाराने आणि जगभरच्या हौशी पालकांच्या देणग्यांतून उभ्या राहिलेल्या निधीद्वारे मलावी सरोवर राष्ट्रीय उद्यानाच्या पाण्यात, तळावर ओढली जाणारी चोरटी जाळी अडकून निकामी व्हावीत, असे साधे अडथळे मोठ्या संख्येने बसवण्यात आले. १९८४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या या उद्यानात कागदोपत्री मासेमारीस मनाई असूनही रात्री बिनदिक्कत जाळी ओढली जात होती. दूरदेशीच्या टाकीत प्रजाती सांभाळण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक मोलाचे हे काम आहे. कारण येथे मासा त्याच्या घरीच वाचतो.

मादागास्करमधील शोध

हौशी पालक, प्राणिसंग्रहालये आणि स्थानिक लोक एकत्र आल्यास काय घडू शकते, याचे उदाहरण मादागास्कर बेटावर मिळाले. तेथील मांगाराहारा नदीत आढळणाऱ्या आणि २००६ मध्ये शास्त्रीय वर्णन झालेल्या सिक्लिडचे अधिवास धरणे व भातशेतीसाठी वळवलेल्या पाण्यामुळे कोरडे पडले. २०१३ च्या सुमारास लंडनच्या प्राणिसंग्रहालयात दोन आणि बर्लिनमध्ये एक, असे तीनच मासे ज्ञात होते आणि तिन्ही नर होते. त्या वर्षी मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने जगभरच्या संस्थांना आणि खासगी मत्स्यपालकांना एखादी मादी असल्यास कळवण्याचे जाहीर आवाहन केले. ते वाचून मादागास्करमधील एका व्यावसायिकाने मदतीची तयारी दाखवली. मोहीम निघाली आणि नदीपासून तुटलेल्या एका पाणवठ्यात उरलेले मासे सापडले. त्यांपैकी १८ मासे त्याच देशातील मत्स्यपालन केंद्रात हलवून प्रजननास सुरुवात करण्यात आली.

खासगी टाक्यांत मादी सापडली नाही, ही गोष्टही बोलकी आहे. वर्णन झाल्यापासून सात वर्षांच्या आत एक प्रजाती तीन नरांवर येऊन ठेपली होती. वेळीच काही घरांत तिची पैदास झाली असती, तर ही धावपळ करावी लागली नसती.

परतीची वाट

टाकीत वाढलेले मासे पुन्हा निसर्गात सोडता येतील काय, हा या विषयातील कळीचा प्रश्न होय. मेक्सिकोतील अनुभव आशादायक आहे. तेथील तेउचित्लान नदीतून नाहीसा झालेला 'तेकिला' नावाचा छोटा मासा (हा सिक्लिड नव्हे) युरोपातील हौशी पालकांच्या टाक्यांत टिकून होता. १९९८ मध्ये इंग्लंडमधील चेस्टर प्राणिसंग्रहालयातून पाच जोड्या मिचोआकान विद्यापीठाकडे पोहोचल्या. त्यांची संतती आधी तलावांत वाढवून, परजीवी आणि भक्षक यांची सवय करून मग नदीत सोडण्यात आली. मासा तेथे पुन्हा रुजल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. स्थानिक शाळा आणि ग्रामस्थ यांचा सहभाग हा या यशाचा मोठा आधार होता.

व्हिक्टोरिया सरोवर ही मात्र एक लहान नदी नव्हे. तेथे नाइल पर्च आहे, पाणी गढूळ आहे आणि किनाऱ्यावरील कोट्यवधी लोकांचे जीवन त्या पाण्याशी निगडित आहे. शिवाय मूठभर पूर्वजांपासून वाढवलेल्या माशांत आनुवंशिक वैविध्य कमी असते. पिढ्यान्‌पिढ्या आयते खाद्य व भक्षकाचा अभाव यांची सवय झाल्यावर खुल्या पाण्यातील जगण्याचे कसब ओसरते. टाक्यांतील रोगजंतू सरोवरात जाण्याचीही भीती असते. त्यामुळे हौशी पालकाने आपल्या मनाने मासे कोठेही सोडणे, हे संवर्धन नव्हे तर नवे संकट ठरेल, याबाबत तज्ज्ञांत एकमत आहे.

दरम्यान सरोवरानेही आश्चर्याचे काही धक्के दिले आहेत. १९९० च्या दशकापासून नाइल पर्चची मासेमारी वाढल्यावर नाहीशा झालेल्या मानल्या गेलेल्या काही फुरूंच्या प्रजाती पुन्हा दिसू लागल्या. त्यांतील काहींचे कल्ले मोठे झाल्याचे, म्हणजे कमी प्राणवायूच्या पाण्याशी त्यांनी जुळवून घेतल्याचे आढळले. टाकीतील मासा पूर्वीच्या सरोवराची स्मृती जपतो, तर सरोवरातील मासा बदलत्या पाण्याबरोबर बदलत राहतो. म्हणूनच टाकी हा सरोवराला पर्याय नसून, सरोवर सुधारेपर्यंतचा केवळ आसरा आहे.

या आसऱ्यालाही मुदत असते. पालक वृद्ध होतात, घरे बदलतात, छंदाची लाट ओसरते. एका व्यक्तीने तीस वर्षे सांभाळलेला संग्रह तिच्या पश्चात आठवड्याभरात विखुरला जाऊ शकतो. पुढची पिढी या कामात आली नाही, तर काही प्रजाती दुसऱ्यांदा आणि कायमच्या नाहीशा होतील.

आपल्या किनाऱ्याशी नाते

हा विषय वाटतो तितका परका नाही. भारतात सिक्लिड कुळातील तीनच मूळ प्रजाती आहेत. त्यांपैकी सर्वपरिचित म्हणजे केरळचा 'करिमीन', जो गोवा व सिंधुदुर्गच्या खाड्यांत 'कळुंदर' या नावाने ओळखला जातो. या भारतीय सिक्लिडांचे सर्वांत जवळचे नातलग आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर नव्हे, तर मादागास्करमध्ये राहतात. भारत आणि मादागास्कर एकाच भूखंडाचे भाग होते त्या काळातले हे नाते, की समुद्रमार्गे नंतर झालेला प्रसार, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. तिसरी प्रजाती, म्हणजे दक्षिण कर्नाटकातील नद्यांत आढळणारा 'कॅनरा' सिक्लिड, स्वतःच संकटग्रस्त असून शोभिवंत मासा म्हणून त्याला मागणी आहे. आफ्रिकेत जो पेच दिसतो, तो येथेही आहे.

उलट दिशेचा अनुभवही महाराष्ट्राला आहे. १९५२ मध्ये भारतात आणलेला आफ्रिकेतील तिलापिया आज 'चिलापी' या नावाने राज्यातील धरणांत आणि तलावांत सर्वत्र पसरला असून स्थानिक माशांना त्याने मागे रेटले आहे. घरातील टाकीत वाढून मोठे झालेले 'सकर' मासे कंटाळून तळ्यात सोडून दिल्याने देशातील अनेक जलाशयांत त्यांचाही उपद्रव वाढला आहे. आफ्रिकेतील सरोवराचा घात ज्या कृतीने केला, ती म्हणजे परका मासा दुसऱ्याच्या पाण्यात सोडणे. ती येथे एखाद्या रविवारी सहजपणे केली जाते.

मासे पाळणाऱ्या प्रत्येकाने संवर्धक व्हावे, अशी अपेक्षा करता येणार नाही. परंतु मासा घेताना त्याचे नाव व मूळ ठिकाण विचारणे, संकरित पिल्ले शुद्ध म्हणून न देणे आणि नको झालेला मासा नदी-तळ्यात न सोडता दुसऱ्या पालकाच्या स्वाधीन करणे, एवढे पथ्य प्रत्येकाला पाळता येण्याजोगे आहे. आफ्रिकेतील सिक्लिड आज ज्या थोड्या घरांत तग धरून आहेत, तेथे फार मोठी साधने वा पदव्या नाहीत. आहेत त्या नियमित बदललेले पाणी, वेगळ्या ठेवलेल्या टाक्या आणि न चुकता लिहिलेल्या नोंदी. सरोवरे सुधारण्याचे काम सरकारे, संशोधक आणि तेथील कोळी यांनाच करावे लागेल. ती सुधारतील त्या दिवशी परत पाठवण्यासाठी काही शिल्लक असावे, एवढीच जबाबदारी या हौशी मंडळींनी उचलली आहे.